तिवराचं मूळ आणि पालकाचं पान

नाशिकमध्ये माती-पाणी तपासायच्या लॅबमध्ये नोकरी म्हणजे वर्षातला बराचसा काळ द्राक्षाच्या पानांचे देठ तपासण्यात जातो. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडून देठांच्या पिशव्या यायला लागतात, नायट्रोजन किती, पोटॅश किती, झिंक कमी आहे का, आणि जुन्या बागांच्या मातीत वर्षानुवर्षांच्या बोर्डो फवारणीचं तांबं साठलेलं असतं तेही आम्हाला दिसतं. त्यामुळे मातीतला धातू झाडात कसा जातो हा माझ्या रोजच्या कामातलाच विषय आहे. पण या जानेवारीत एका दिवशी जे बघितलं त्यावर लिहायलाच पाहिजे असं वाटलं.

झालं असं की रायगडकडची एक मुलगी, पीएचडी करतेय, तिने खाडीतल्या तिवराची, म्हणजे कांदळवनातल्या खारफुटीच्या झाडाची, सॅम्पल्स आणली होती. वनखात्याची परवानगी वगैरे रीतसर घेतलेली. कोवळी पानं, पिकली पानं, बारीक मुळं, चिखलातून वर आलेली श्वसनमुळं आणि मुळांभोवतीचा चिखल, सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत, बर्फात घालून. चिखलाची पिशवी उघडली आणि लॅबभर सडक्या अंड्यांचा वास सुटला, आमचे मामा तिकडून ओरडत आले, "मॅडम, ड्रेनेज फुटलं काय?" चिखल काळा कुळकुळीत. तो काळा रंग लोखंडाच्या सल्फाइडचा. खाडीच्या चिखलात हवा नसते, मग तिथले जिवाणू ऑक्सिजनच्या ऐवजी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात, त्यातून सल्फाइड तयार होतं, आणि हे सल्फाइड शिसं, कॅडमियम, झिंक, तांबं सगळ्यांना धरून ठेवतं. म्हणजे झाडाच्या आधी चिखलच धातू अडवून बसलेला असतो.

मुळं धुतली तेव्हा खरी गंमत दिसली. काळ्या चिखलातून निघालेलं मूळ, पण त्याच्यावर गंजासारखा तांबूस थर. तिवराची श्वसनमुळं वरून हवा घेतात, आतल्या पोकळ्यांमधून ती खाली बारीक मुळांपर्यंत जाते आणि तिथून थोडा ऑक्सिजन बाहेर चिखलात झिरपतो. त्या ऑक्सिजनने आजूबाजूचं विरघळलेलं लोखंड गंजतं आणि मुळावरच बसतं. काही मुळं आम्ही गंज विरघळवणाऱ्या डायथायोनाइट आणि सायट्रेटच्या द्रावणात ठेवली, हळूहळू थर सुटला आणि खालून स्वच्छ, पांढुरकं मूळ बाहेर आलं. ते द्रावण वेगळं ठेवलं, मूळ वेगळं वाळवलं, पानं वेगळी. मग नेहमीचं, 70 डिग्रीला वाळवणं, खलात कुटणं, नायट्रिक अॅसिडमध्ये हूडखाली पचवणं, गाळणं, आणि सोबत ब्लँक, म्हणजे सॅम्पल न घालता नुसतं अॅसिड.

ज्या दिवशी रिडिंग घेतली तो दिवस मला चांगला लक्षात राहील. आमचं मशीन सॅम्पल ज्वाळेत फवारतं आणि त्यातला धातू किती प्रकाश अडवतो ते मोजतं. एक तर खाऱ्या सॅम्पलने ते त्रास देतं, मीठ इतकं असतं की बर्नरच्या फटीवर खडे धरतात आणि मिठामुळे उगीचच प्रकाश अडतो, नसलेलं शिसं असल्यासारखं वाटतं. म्हणून शिशासाठी प्रकाशाची 217 ची लाइन (तरंगलांबी) सोडून 283.3 नॅनोमीटरची घेतली, मिठाचा खोटा अडथळा वजा करणारं ड्युटेरियम करेक्शन चालू ठेवलं, सॅम्पल पातळ केलं आणि दर थोड्या वेळाने बर्नर पुसत बसलो. आणि आकडे यायला लागले तसं ती मुलगी खुर्चीवरून उठूनच उभी राहिली. गंजाच्या थरात शिसं भरपूर. मुळाच्या आत त्याहून कमी. आणि पानात जवळपास नाहीच म्हणावं इतकं. एकाच झाडाचे तीन भाग, पण तीन वेगळ्या गावची सॅम्पल असावीत असे आकडे.

झिंक मात्र तसं वागलं नाही, ते पानापर्यंत पोचलं होतं, तांबंही थोडंफार. त्याचं कारण असं की झिंक आणि तांबं झाडाला लागतात, एन्झाइमसाठी, प्रकाशसंश्लेषणासाठी, त्यामुळे त्यांना आत घ्यायची सोय झाडाकडे असतेच. शिशाचा झाडाला काही उपयोग नाही. मुळाच्या आत एक पेशींचा थर असतो, त्या पेशींच्या भिंतींत मेणासारखी कॅस्पेरियन पट्टी असते, पेशींच्या मधल्या फटीतून आलेलं पाणी तिथे अडतं आणि पुढे जायचं तर पेशीच्या आतूनच जावं लागतं, शिसं बहुतेक तिथेच बाहेरच्या भागात पेशीभित्तीला चिकटून राहतं. ऑस्ट्रेलियात मॅकफार्लेन आणि बर्चेट यांनी 2000 साली याच तिवराच्या मुळांत आणि पानांत हे तपासून दाखवलंय. त्यातूनही जे आत शिरतं त्याला फायटोकेलॅटिन नावाचे छोटे, गंधकवाले रेणू पकडतात आणि पेशीच्या रिक्तिकेत (आतल्या साठवणीच्या पिशवीत) नेऊन ठेवतात, म्हणजे पेशीच्या कामकाजाच्या वाटेत ते येत नाही.

पानांवर मिठाचे बारीक कण चमकत होते, तिवराच्या पानात मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. ती मुलगी पानं धुऊन पाणी फेकणार होती, मी म्हटलं थांब, ते पाणीही लावूया मशीनला. त्यात झिंक सापडलं. सगळंच ग्रंथीतून आलं असं म्हणता येणार नाही, भरतीचं पाणी उडतं, धूळ बसते, पण मिठाबरोबर झिंक आणि तांबंही पान बाहेर टाकतं हे त्या ऑस्ट्रेलियातल्या कामातही दिसलं होतं, त्यामुळे पुढच्या वेळी झाकून ठेवलेल्या पानांवरून मीठ गोळा करायचं असं ठरलं.

हे सगळं चालू असताना दुपारी एक आबा आले. शहराच्या जवळच, नाल्याच्या कडेला त्यांची थोडी जमीन आहे, त्याच पाण्यावर पालक-मेथी करतात आणि रोज बाजारात देतात. मुलाने कुठेतरी वाचलं म्हणून आदल्या आठवड्यात पालकाची जुडी तपासायला दिली होती. त्यांचा रिपोर्ट माझ्या टेबलावरच होता. न धुतलेल्या पानात शिसं होतं, तेच धुतल्यावर बरंच उतरलं, म्हणजे ती रस्त्याची आणि मातीची धूळ. कॅडमियम मात्र धुवून हललं नाही. ते पानाच्या आत होतं, आणि पालेभाजीला कोडेक्सची (अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांची) जी 0.2 मिलिग्रॅम प्रति किलोची मर्यादा आहे तिच्या वर होतं.

आबांनी शांतपणे ऐकलं, मग टेबलावरची तिवराची मुळं बघून विचारलं, "मॅडम, हे झाड विष ओढून घेतं ना? मग हेच लावतो ना नाल्याकाठी, पाणी साफ होऊन जाईल."

हा प्रश्न मला बऱ्याच शिकलेल्या लोकांनीही विचारलाय. झाडं लावा, ती विष शोषून घेतील, असे मेसेज फिरत असतात आणि ते अर्धवट आहेत म्हणून मला फार राग येतो. धातू कुजत नाही, जळत नाही, संपत नाही. झाडाने घेतला म्हणजे फक्त त्याची जागा बदलली, आणि नुकसान होणार की फायदा ते सगळं त्या जागेवर ठरतं. मी आबांना मूळ हातात दिलं आणि सांगितलं, हे झाड विष खात नाही, दारातच अडवून ठेवतं. तुमचा पालक मात्र कॅडमियमला झिंक समजून आत घेतो, दोन्ही रसायनशास्त्रात एकाच गटातले, आणि थेट पानात नेऊन ठेवतो, जे आपण खातो. पोटात गेलेलं कॅडमियम किडनीत वर्षानुवर्षं राहतं. जपानमध्ये जिंझू नदीकाठी खाणीचं पाणी भातशेतीत गेलं आणि लोकांची हाडं ठिसूळ होऊन मोडायला लागली, इताई-इताई म्हणतात त्या आजाराला, तो कॅडमियमचाच.

त्यांनी विचारलं, चुना टाकू का. आम्ल जमिनीत चुन्याने फरक पडतो, पण आपली काळी जमीन मुळातच चुनखडीची, तिथे अजून चुना घालून फारसं काही हाती लागत नाही. उलट नाल्याच्या पाण्यात क्लोराइड जास्त असतं आणि क्लोराइडशी जोडी झाली की कॅडमियम मातीत मोकळं फिरतं आणि मुळापर्यंत पोचतं. म्हणजे आधी पाणी बदलायला पाहिजे, आणि त्या तुकड्यावर पानं खायचं पीक नको.

ती मुलगी हे सगळं ऐकत होती, तिने मग तिच्या कामातली एक गोष्ट सांगितली, जी माझ्याही डोक्यात बसली. आम्ही तिचा काळा चिखल दोन प्रकारे डीटीपीए (मातीतला सुटा धातू काढून घेणारं रसायन) लावून तपासला होता, आपण मातीतलं उपलब्ध झिंक बघायला लावतो तेच. ताजा ओला चिखल एक, आणि ट्रेमध्ये उघडा ठेवून वाळवलेला एक. वाळलेला चिखल तपकिरी झाला होता आणि त्यातून झिंक, कॅडमियम जास्त सुटलं. हवा लागली की सल्फाइड मोडतं आणि धरून ठेवलेलं सगळं मोकळं होतं. म्हणजे कांदळवन तोडून तिथला गाळ उकरून बांधावर टाकला की इतकी वर्षं अडकवून ठेवलेला धातू परत पाण्यात. तोडायला बंदी आहे ती फक्त माशांसाठी आणि पक्ष्यांसाठी आहे असं लोकांना वाटतं.

आणि हे समुद्रकिनाऱ्याचं प्रकरण, आपल्याला नाशिककरांना काय त्याचं, असंही नाही. आपली गोदावरी त्र्यंबकला निघते आणि 1,465 किलोमीटर जाऊन काकीनाड्याजवळ कोरिंगाच्या कांदळवनात शिरते. अर्थात आपल्याकडचा गाळ तिथपर्यंत फारसा जात नसणार, तो आधी नांदूरमध्यमेश्वर आणि जायकवाडीत बसतो, आणि तिथे त्याला धरायला तिवर नाही, लव्हाळी आणि पाणकणीस आहेत. ते किती धरतात हे कुणीतरी नीट मोजायला हवं, मी स्वतः नांदूरच्या पाणकणसाची मुळं आणून बघायचं ठरवलंय, सरांकडे तसा अर्जही दिलाय.

आबा उठताना म्हणाले, "मग आजच्या जुड्यांचं काय करू?" त्यांच्या गाडीवर विकायला काढलेला पालक होता. मी सांगितलं, विकू नका, गाईलाही घालू नका. त्यांनी मान हलवली, मुलाला फोन लावला आणि गाडी बाजाराकडे न वळवता घरी नेली. आता त्या तुकड्यावर पाडव्यासाठी झेंडू लावलाय आणि पालक वरच्या वावरात, विहिरीच्या पाण्यावर. त्या विहिरीचं पाणी गेल्या आठवड्यात माझ्याकडे तपासायला आलंय, रिडिंग अजून घ्यायचंय.