येरवड्याचं डेक्कन कॉलेज: कवटी मोजणाऱ्या इरावतीबाई

पुण्यात ‘डेक्कन’ म्हटलं की रिक्षा जिमखान्याकडे वळते, म्हणून ‘येरवड्याचं डेक्कन कॉलेज’ असं ठासून सांगावं लागतं. फाटकातून आत गेलं की झाडांमागे गॉथिक धाटणीची दगडी इमारत दिसते. १८२१ची ही संस्था १९३४ मध्ये बंद पडली आणि १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाली. तेव्हाच इरावती कर्वे इथे आल्या आणि समाजशास्त्र-मानवशास्त्राचं काम त्यांनी उभं केलं.

‘युगान्त’ हे त्यांचं महाभारतावरचं पुस्तक वाचलेल्यांना या बाई कवट्या मोजायच्या हे पटत नाही. बर्लिनला डॉक्टरेट करताना त्यांचे मार्गदर्शक होते मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण वेगळी, म्हणून त्यांची बुद्धी वरचढ, असं फिशरना सिद्ध करून हवं होतं. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि वंशाचा कवटीच्या ठेवणीशी संबंध नाही असं लिहून दिलं. जर्मनीत, १९३०च्या सुमाराला! गुरूला असं तोंडावर सांगायला किती धाडस लागलं असेल.

इथे आल्यावर त्या गावोगाव फिरून माणसांची मापं घेत राहिल्या. धंदा एकच म्हणून सगळे कुंभार एकाच मुळातून फुटले असं नाही, त्यांच्यात आपापसांत लग्न न करणाऱ्या वेगवेगळ्या जाती आहेत, असं त्या मांडत. जातीबद्दल आपण किती ठोकताळे धरून बोलतो!

कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाचं पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचं उत्खनन (१९६८-८३) हा इथल्या कामाचा दुसरा खजिना. घोड नदीकाठच्या त्या ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या काळातल्या) वस्तीत लहान मुलांना दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्यांच्या दफनांत घोट्याखालचे पाय तोडलेले सापडतात. मेलेला चालून जाऊ नये म्हणून, असा अंदाज. मानवशास्त्रज्ञाचं काम इथून पुढचं: कोणता दात आला, कोणता यायचा, यावरून मुलाचं वय काढायचं, दातांच्या किडीवरून आहार ताडायचा.

मला मात्र सगळ्यात मोठं वाटतं ते कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांचं सर्वेक्षण. जाई निंबकरांबरोबर केलेलं हे काम १९६९ला छापून आलं. कोण कुठे गेलं, जमीन किती मिळाली, नातीगोती कशी तुटली, हे बाईंनी विचारलं, तेव्हा पुनर्वसन हा विषय विद्यापीठांत फारसा कुणाच्या गावीही नव्हता.