मृत्युपत्रातला अन्नछत्राचा वाटा आणि बँकेचा ‘नातं’ नावाचा रकाना

बँकेच्या नॉमिनी फॉर्मवर ‘नातं’ असा एक रकाना असतो. त्याने माझा जेवढा वेळ खाल्ला, तेवढा वकील, डॉक्टर, साक्षीदार आणि दुय्यम निबंधक कार्यालय यांनी मिळूनही खाल्ला नाही.

मी पुण्यात राहते, अविवाहित, टेलिफोन खात्यातून निवृत्त. भाचे-पुतणे आपापल्या घरी सुखी आहेत. भावाच्या आजारपणात ससूनला खेपा घालताना, रुग्णांच्या नातेवाइकांना दुपारचं जेवण देणारी एक संस्था पाहिली. नगर-सोलापूरकडून आलेली माणसं, हातात औषधाच्या चिठ्ठ्या, आणि पुढ्यात गरम पोळी-भाजी, वरणभात. तेव्हाच ठरवलं, आपल्यामागे जे उरेल त्यातला तिसरा हिस्सा यांचा. स्वकष्टाची मिळकत आहे, कुणाला विचारायची गरज नाही.

मृत्युपत्र वकिलाने चटकन करून दिलं. मग मी बँकेत गेले, कारण माझी बहुतेक पुंजी ठेवींतच आहे. म्हटलं, नॉमिनी म्हणून संस्थेचं नाव टाका. काउंटरवरचा मुलगा भला होता, त्याने स्क्रीनच माझ्याकडे वळवली. नाव, जन्मतारीख, नातं. नातं निवडल्याशिवाय पुढचं पान उघडेना. आई, वडील, पती, मुलगा, मुलगी, इतर. ‘इतर’ केलं. जन्मतारखेच्या जागी त्याने संस्थेच्या नोंदणीची तारीख घातली. संस्था २०११ सालची. लगेच लाल अक्षरात आलं: नॉमिनी अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) आहे, पालकाचं नाव द्या!

तो हसला, मीही हसले. पण पुढच्या खेपेला हसू आलं नाही. साहेब म्हणाले, नॉमिनी माणूसच लागतो, न्यास चालत नाही. ठीक, नियम आहे. पण पुढे म्हणाले, “मॅडम, भाच्याचं नाव टाका की. तो देईल संस्थेला.” देईलही, भाचा गुणाचा आहे. पण त्याच्या गुणांवरच सोडायचं तर वकिलाची फी कशाला भरली? १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, टक्केवारीसकट. तेही विचारून पाहिलं. चौघांपुढेही तोच ‘नातं’चा रकाना. मग दुसऱ्या टेबलावरून सल्ला आला की मृत्युपत्र आहे ना, मग नॉमिनी ठेवूच नका. म्हणजे मागे राहणाऱ्याने कागद घेऊन यांच्याच दारात उभं राहायचं!

एवढ्या टेबलांवर फिरले, पण खरी गोष्ट तिथे कुणी सांगितली नाही. नॉमिनी हा पैसे हाती घेणारा. त्याला पैसे दिले की बँक सुटली. ते पैसे कुणाचे, हे मृत्युपत्र ठरवतं, ते नसेल तर वारसाकायदा. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा सांगितलं. तोडगा वकिलाने चहा संपायच्या आत काढला: मृत्युपत्राप्रमाणे वाटणी करणारी व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, तीच नॉमिनी करा. माझी भाची व्यवस्थापक आहे. नातं: भाची. पुढचं पान उघडलं! मृत्युपत्रात एक ओळ वाढवली, की ती रक्कम ती व्यवस्थापक म्हणून घेईल, स्वतःसाठी नाही. नॉमिनीची लेखी पोच मात्र मागून घ्या, आपणहून देत नाहीत.

बाकीचं आठवेल तसं सांगते. मृत्युपत्राला स्टँप ड्यूटी लागत नाही आणि नोंदणी सक्तीची नाही. मी केली, कारण पुतण्यांच्या बायकांना मी ओळखते. साक्षीदार दोन लागतात. आपल्यापेक्षा तरुण घ्या आणि वाटा मिळणारे नकोत. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला सहीच्याच तारखेचा असू द्या. ठेवीच्या पावतीचा नंबर लिहून अमकी ठेव संस्थेला, असं करू नका. ती ठेव मोडली की देणगीही गेली. हिस्सा लिहा.

संस्थेचं नाव फलकावरून उतरवू नका. आमच्या अन्नछत्राच्या पाटीवर एक नाव, धर्मादाय आयुक्तांकडे दुसरंच. नोंदणी क्रमांक आणि पॅन मागून घेतला. संस्था बंद पडली तर त्याच कामाची दुसरी भाचीने निवडावी, हेही लिहिलं. आणि फ्लॅट द्यायचा असेल तर थेट न्यासाच्या नावे करण्याआधी विचार करा. न्यासाला तो विकायचा झाला तर सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातल्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. त्यापेक्षा व्यवस्थापकाने विकून रक्कम द्यावी असं लिहिलेलं बरं.

संस्थेच्या खजिनदारांना हे सांगायला गेले तेव्हा त्यांनी सवयीने पावतीपुस्तक ओढलं. “निमित्त काय लिहू?” म्हटलं, पुण्यतिथी. “कुणाची? तारीख?” माझी, तारीख अजून ठरायची आहे. बिचारे पेन धरून बसले. त्या देणगीवर मला प्राप्तिकरातली सवलत (८०जी म्हणतात ती) मिळणार नाही हे उघड आहे, म्हणून वाढदिवसाची एक पंगत तिथल्या तिथे लावली. त्याची पावती लगेच मिळाली. तिच्यावर नात्याचा रकाना नव्हता.