हस्त सरला की : सोलापुरातलं घर आणि गच्चीवरची बाग

सोलापुरात वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरातही झोडपून जातो. गणपती गेले म्हणजे पावसाळा संपला असं धरून कामं काढली, की तीच कामं पुन्हा करावी लागतात. हस्त नक्षत्र 10 ऑक्टोबरच्या आसपास संपतं. तोवर फक्त पाण्याला वाट करून द्यायची. रंग, छाटणी, पेरणी हे सगळं पुढचं चित्रा नक्षत्र लागल्यावर.

पाण्याची वाट म्हणजे गच्चीवरच्या पाइपांची तोंडं. कडुनिंबाची पानं, कबुतरांची पिसं आणि कुंड्यांतून वाहून आलेली माती यांचा जाळीवर घट्ट थर बसतो. जाळी काढून तो खरवडा आणि एक बादली पाणी ओता. पाणी रेंगाळलं तर पाइप आतूनही तुंबलाय. कुंड्या थेट फरशीवर ठेवू नका, प्रत्येकीखाली विटेचे तीन तुकडे द्या. कुंडीखालची जागा कधीच वाळत नाही आणि स्लॅबची गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

दिवाळीआधी रंग हवाच, ही घाई भिंतीला महागात पडते. नऊ इंची भिंत वरून आठ दिवसांत कोरडी दिसते, आतली ओल मात्र महिनाभर तरी टिकते. तपासायची रीत सोपी आहे. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिकचा तुकडा ओलीच्या जागी चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करा आणि 24 तासांनी पाहा. आतल्या बाजूला थेंब जमले असतील तर भिंत ओली आहे. बाहेरच्या बाजूला दमटपणा असेल तर तो खोलीच्या हवेतला. भिंत ओली निघाली तर तेवढा भाग यंदा सोडून द्या. प्लॅस्टिक पेंट मारला तर ओल आत कोंडते आणि संक्रांतीपर्यंत पोपडे सुटतात. फारच विद्रूप दिसत असेल तर चुना मारा, चुन्यातून ओल बाहेर पडू शकते. लोणा, म्हणजे भिंतीवर फुटलेले पांढरे क्षार, कोरड्या ब्रशनेच झाडा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात.

आपल्याकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. म्हणून पायाजवळच्या भिंतीतल्या काही भेगा पावसाळ्यात मिटतात आणि थंडीत उघडतात. अशा भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. जानेवारीत ती खुणेच्या पुढे गेलेली दिसली तर सिमेंट भरण्यात अर्थ नाही, इंजिनिअरला दाखवा. जोत्यालगत मातीच्या भेगा पडल्या असतील तर त्यात मुरूम ठासून उतार घराबाहेर काढा.

नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे हौद, ड्रम, टाक्या घरोघरी भरलेल्या असतात. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या बाजूला अंडी घालतो. ती कोरड्यात कित्येक महिने तग धरतात. नुसतं पाणी ओतून दिल्याने काम होत नाही, कडा काथ्याने घासूनच काढायला हव्यात, दर आठवड्याला. पिण्याच्या टाकीला 1000 लिटरमागे 5 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवा, साका खाली बसू द्या, वरचं पाणी टाकीत घाला आणि अर्धा तास थांबा.

आता गुलाब. छाटणी चित्रात, लख्ख कोरड्या दिवशी. आधी उरकली आणि पाऊस आला तर कापलेल्या टोकातून बुरशी शिरते आणि फांदी वरून खाली काळी पडत जाते. कुंडीतल्या झाडाचं पाणी तीन-चार दिवस तोडा. वाळक्या, किडक्या, आत वळलेल्या फांद्या बुडातून काढा, चार-पाच निरोगी ठेवा आणि त्या फूट-दीड फुटावर कापा. काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे फुटव्याच्या कोंबाच्या, पाव इंच वर, तिरका. डोळ्याला चिकटून कापलं तर डोळा वाळतो, फार वर कापलं तर मधला खुंट कुजतो.

कापांना बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक, लावायची. 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या भांड्यात विरघळवा, लोखंडाच्या नको. दुसऱ्या भांड्यात 100 ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात विरवा. निवल्यावर दोन्ही एकत्र करून लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, थोडा आणखी घाला. पेस्ट त्याच दिवशी संपवा. छाटल्यावर 12 इंची कुंडीला दोन ओंजळी कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड द्या. साधारण 45 दिवसांत फूल येतं. थंड रात्री आणि कोरडे दिवस सुरू झाले की पानांवर भुरी, म्हणजे पांढरी पिठासारखी बुरशी, येते. तेव्हा पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम फवारा, पण भर उन्हात कधीच नाही, पानं करपतात.

बोअरच्या जड पाण्याने कुंड्यांच्या कडांवर पांढरा थर चढतो. परतीच्या पावसाचं पाणी ड्रममध्ये धरून ठेवलंत तर महिन्यातून एकदा भोकातून वाहून जाईल इतकं ते कुंडीत ओता, क्षार धुतले जातात.

मेथी आणि पालक ऑक्टोबरातही उगवतात. कोथिंबीर मात्र उन्हाची काहिली ओसरल्यावर, दिवाळीच्या सुमारास टाका. धने रगडून दोन फाकी करा आणि रात्रभर भिजवा. अख्खे टाकले तर उगवण विरळ होते. वाटाणाही तेव्हाच. गाजराला फूटभर खोल कुंडी लागते आणि त्याचं रोप उपटून दुसरीकडे लावायचं नाही, गाजरं वाकडी होतात.

शेवंती भरपूर वाढली पण कळ्याच नाहीत, अशी तक्रार असेल तर खतामागे लागण्याआधी रात्री झाडावर दिवा पडतो का ते पाहा. शेवंतीला कळी धरायला लांब, अंधारी रात्र लागते. रस्त्यावरचा दिवा किंवा व्हरांड्यातला बल्ब तेवढ्यानेही ती अडते. कुंडी अंधाऱ्या बाजूला हलवा.

डिसेंबरात भर दुपारीसुद्धा इथे सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून 49 अंशांवरच असतो. दक्षिणेच्या दहा फुटी भिंतीची सावली नऊ फुटांपर्यंत येते. भाजीच्या कुंड्या तेवढ्या अंतराबाहेर ठेवा आणि सोलर हीटरवर सावली टाकणाऱ्या फांद्या नोव्हेंबरातच छाटा. सोलरच्या नळ्या पहाटे धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की ती तडकते.