पुरणपोळीच्या ट्रेचं वजन

ओरेगनमध्ये पोर्टलंडजवळ एक भारतीय किराणा इम्पोर्ट करणारी कंपनी आहे, मी तिथे ऑपरेशन्स बघते. कंटेनर बुक करणं, कस्टम्सची कागदपत्रं, गोडाऊनचा स्टॉक, दुकानदारांच्या तक्रारी, सगळं फिरून माझ्याकडेच येतं. २०२५ चा पाडवा ३० मार्चला, रविवारी होता, त्यामुळे त्याआधीचा आठवडा कसा गेला असेल ते सांगायलाच नको, श्रीखंड, पुरणपोळी, कैरीचं लोणचं, प्रत्येक दुकानाला सगळं एकदम आणि आजच्या आज हवं असतं. आणि नेमकी सोमवारी ३१ मार्चला आमचा पहिलावहिला पॅकेजिंगचा रिपोर्ट भरायची शेवटची तारीख.

कसला रिपोर्ट ते आधी सांगते, कारण इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्या आपल्या लोकांनाही हे फारसं माहीत नाहीये. २०१८ च्या सुरुवातीला चीनने बाहेरचं रद्दी प्लास्टिक आणि मिक्स कागद घेणं बंद केलं, आणि ओरेगनसारखी जी राज्यं जहाजं भरभरून माल तिकडे पाठवून "आम्ही रिसायकलिंग करतो" म्हणत होती त्यांची पंचाईत झाली, लोकांनी धुवून पुसून वेगळा ठेवलेला माल काही ठिकाणी चक्क डंपिंगला गेला. खर्च वाढला, तो गावांच्या आणि घराघरांच्या कचऱ्याच्या बिलात आला. मग २०२१ मध्ये ओरेगनने कायदा केला की ज्यांनी पॅकिंग बाजारात आणलं त्यांनी त्याच्या पुढच्या खर्चाचा वाटा उचलायचा. त्याच वर्षी थोडं आधी मेन राज्याने असा कायदा केला होता, तो देशातला पहिला. नंतर २०२२ मध्ये कोलोरॅडो आणि कॅलिफोर्निया, २०२४ मध्ये मिनेसोटा, २०२५ मध्ये मेरीलँड आणि वॉशिंग्टन. प्रत्येकाचे नियम वेगळे, पण कंपन्यांनी मिळून एक संस्था करायची, तिला आपल्या मालाचं वजन कळवायचं आणि त्या वजनावर फी भरायची हे साधारण सगळीकडे आहे. ओरेगनमध्ये ती संस्था म्हणजे सर्क्युलर अ‍ॅक्शन अलायन्स.

आता आमचा संबंध कुठे येतो, तर पॅकबंद मालाचा ब्रँडमालक अमेरिकेत नसेल तर तो माल इम्पोर्ट करणाराच कायद्याने "प्रोड्युसर" ठरतो. म्हणजे सांगलीच्या कारखान्यात भरलेलं लोणचं, नाशिकचे पापड, पुण्याची भाकरवडी, या सगळ्यांच्या पिशव्यांचे ओरेगनच्या लेखी उत्पादक आम्ही! वर्षाची उलाढाल ५० लाख डॉलरच्या खाली असेल किंवा राज्यात एक टनापेक्षा कमी पॅकिंग येत असेल तर सूट आहे, म्हणून आमचं गिऱ्हाईक असलेली छोटी दुकानं सुटली, आम्ही नाही. आणि टाळाटाळ केली तर दंड दिवसाला २५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो.

आमचे मालक गुजराती, सगळे त्यांना भाई म्हणतात, मनाने चांगला माणूस आहे पण हे त्यांना अजिबात पटलेलं नव्हतं. आधी टॅरिफचं टेन्शन, त्यात हे, नवा टॅक्सच आहे म्हणाले. मी म्हटलं भाई टॅक्स म्हणा काही म्हणा, आकडे तर द्यावेच लागतील.

आणि आकडेच नव्हते. माझ्याकडे प्रत्येक मालाचं नेट वेट होतं, ग्रॉस वेट होतं, मास्टर कार्टनचं माप होतं, पण पिशवीचं वजन किती, ती कशाची बनलीये, झाकण वेगळ्या प्लास्टिकचं आहे का, हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. अर्धे सप्लायर नुसतं "फूड ग्रेड" एवढंच लिहून पाठवत होते. मग मी तो शुक्रवार गोडाऊनमध्येच काढायचं ठरवलं, डिजिटल काटा घेतला, एक मेक्सिकन सहकारी मदतीला घेतला आणि एकेक नग उघडायला बसलो. माल बाजूला, पिशवी पुसून काट्यावर, बरणी रिकामी करून धुवून काट्यावर, झाकण वेगळं, आतलं सील वेगळं. मँगो ड्रिंकच्या बाटल्या बाजूला काढल्या कारण त्यांच्यावर १० सेंटचं डिपॉझिट आहे, त्या १९७१ पासूनच्या बाटलीच्या कायद्यात येतात, इथे मोजायच्या नाहीत. पण दुकानांना फुकट वाटायला छापलेली दिवाळीची माहितीपत्रकं मोजायची, कारण छापील कागदही यात धरलाय.

दुपारपर्यंत टेबलावर जो ढीग साचला तो बघून मी खरंच हादरले. एवढी वर्षं मी हाच माल कंटेनरमधून उतरवून घेतेय पण खाण्याचा पदार्थ काढून घेतल्यावर मागे काय उरतं ते एका जागी कधी बघितलंच नव्हतं. सगळ्यात वाईट होती आमची फ्रोझन पुरणपोळी. बाहेर छापील मोनो कार्टन, म्हणजे एका पाकिटापुरतं पुठ्ठ्याचं खोकं, आत लॅमिनेटचं पाऊच, पाऊचच्या आत ब्लिस्टर ट्रे, म्हणजे साच्यातला प्लास्टिकचा ट्रे, आणि दोन पोळ्यांच्या मधे प्लास्टिकचा कागद. चार पोळ्यांसाठी! सोनपापडीचंही तेच, डबा, त्यावर श्रिंक, त्यावर परत कार्टन. लॅमिनेटचं तर असं आहे की प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले, ते सुटे होत नाहीत, म्हणून त्याला गिऱ्हाईकच नाही. आमच्या पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बायका दारोदार कचरा गोळा करून हाताने निवडतात, त्यांना विचारा, चिवड्या-वेफर्सची चकचकीत पाकिटं कुठलाच भंगारवाला घेत नाही, वजनही भरत नाही आणि पैसेही येत नाहीत, मेहनत तेवढी त्यांची. तेच पाऊच इथे पोर्टलंडला येऊनही कचराच.

संध्याकाळी साडेआठला, म्हणजे सांगलीत शनिवारची सकाळ, मी तिथल्या पॅकिंग मॅनेजरना फोन लावला. म्हटलं आता हे गृहस्थ वैतागणार, पण ते एकदम शांत. म्हणाले, "ताई, हे आम्हाला इथं पण भरावं लागतंय की. २०२२ पासून केंद्राच्या पोर्टलवर कॅटेगरी लावून किलोचा हिशोब द्यायचा असतोय. थांबा, तुम्हाला लेयरवार मायक्रॉनसकट पाठवतो." आणि खरंच तासाभरात शीट आली, पाऊचचा प्रत्येक थर, ट्रेचं वजन, अगदी कार्टनच्या गोंदापर्यंत. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. (भारतातल्या त्या व्यवस्थेत २०२३ मध्ये सुमारे ६ लाख बोगस रिसायकलिंग सर्टिफिकेटं सापडली होती हेही खरंय, म्हणून मी शीट आली तरी त्यातले काही नग परत काट्यावर टाकून बघितले. जुळले.) मी त्यांना विचारलं, तो ट्रे एवढा जाड कशाला हो लागतो? तर म्हणाले, "ट्रे तुमच्याकडनंच सांगितलेला ताई, पहिल्या कंटेनरला पोळ्या तुटून आल्या म्हणून. आम्ही इथल्या दुकानांना बिगर ट्रेचंच देतो."

शनिवारी सुट्टी असूनही भाई आले आणि मी त्यांच्यासमोर शीट उघडली. सर्क्युलर अ‍ॅक्शन अलायन्सच्या आराखड्याला राज्याच्या पर्यावरण खात्याची मंजुरी फेब्रुवारीत मिळाली होती, त्यात दरांचे अंदाज होते, ते मी प्रत्येक मालासमोर लावून ठेवले होते. दर पाऊंडावर आहे आणि मटेरियलप्रमाणे बदलतो, पुठ्ठ्याला कमी, आणि प्लास्टिक फिल्म, लॅमिनेट असल्यांना कितीतरी जास्त, कारण ते गोळा करायला, निवडायला, मार्गी लावायला खर्चच तेवढा येतो. मी मागे दोन-तीनदा भाईंना म्हटलं होतं की हे डबल पॅकिंग कमी करूया, तेव्हा ते हो हो म्हणायचे आणि विषय तिथेच संपायचा. त्या दिवशी मी काहीच म्हटलं नाही. ते स्वतःच स्क्रोल करत करत पुरणपोळीवर थांबले आणि म्हणाले हा ट्रे का आहे? मग सोनपापडीवर थांबले, डबा आहे तर कार्टन कशाला? मग पापड. अर्ध्या तासात त्यांनी पुढच्या ऑर्डरमधून काय काय काढायचं ते पेनने लिहून काढलं, ज्या माणसाला हा टॅक्स वाटत होता त्याने! मला त्या क्षणी हा कायदा कळला असं म्हणते मी. खर्च तर आधीही होताच ना, कुणीतरी भरतच होतं, पोर्टलंडशेजारच्या बीव्हर्टनमधलं एखादं कुटुंब कचऱ्याच्या बिलात भरत होतं, नाहीतर पूर्व ओरेगनमधल्या एखाद्या छोट्या गावात रिसायकलिंगची सोयच नसायची. पण ज्याच्या हातात ट्रे ठेवायचा की काढायचा हा निर्णय आहे त्याच्या शीटमध्ये तो खर्च कधीच दिसत नव्हता. आता दिसला.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही आणि ती मी त्या दिवशीही भाईंना सांगितली. फी वजनावर असल्यामुळे काचेची बरणी मार खाते. काचेचा पाऊंडाचा दर कमी आहे, पण लोणच्याची एक बरणी अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरते आणि तेवढंच लोणचं लॅमिनेट पाऊचमध्ये घातलं तर पाऊच दहा-बारा ग्रॅमचं. मग हिशोब करणारा माणूस साहजिकच म्हणतो पाऊचच बरं. पण बरणी धुवून परत वापरता येते, घरात आपण सगळेच वापरतो, आणि वितळवून परत काच होते, पाऊचचं पुढे काहीच होत नाही. कायद्यात चांगल्या पॅकिंगला सवलत द्यायची तरतूद आहे, ती काचेच्या आणि परत वापराच्या बाजूने जोरात वापरली पाहिजे, नाहीतर सगळे पाऊचकडे पळतील. भाईंनी निदान आंब्याचं लोणचं बरणीतच ठेवायचं मान्य केलं.

जमा झालेले पैसे कुठे जातात हे पण लोक विचारतात. गावांना ट्रक आणि डबे, निवडणी केंद्रातल्या मशिनरी, आणि कायद्यात असंही आहे की निवडणीच्या पट्ट्यावर काम करणाऱ्यांना जगता येईल एवढा पगार द्यायचा. आणि माल शेवटी कुठे गेला ते तपासायचं. ही शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण अमेरिकेतून रद्दी कागदाच्या गाठींमध्ये दडून आलेलं प्लास्टिक उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगरच्या कागद गिरण्यांच्या आसपास जाळलं गेलंय, तो धूर आपल्या माणसांच्या छातीत गेलाय. इथे रिसायकलिंगच्या निळ्या डब्यात टाकलं की आपलं काम झालं असं समजणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

रिपोर्ट रविवारी रात्री पाडव्याचं जेवण झाल्यावर अपलोड केला. १ जुलैला ओरेगनची योजना सुरू झाली, बिल आलं, भाईंनी भरलं. सांगलीहून बिगर ट्रेच्या पोळ्यांचं पहिलं सॅम्पल आलं त्यात कडा तुटल्या होत्या, मग त्यांनी मोनो कार्टन थोडं घट्ट मापाचं केलं, पोळ्यांमधला प्लास्टिकचा कागद काढून बटर पेपर घातला, आणि पुढच्या लॉटला पोळ्या शाबूत उतरल्या. तुमच्यापैकी कुणी इथे खाण्याचा माल मागवत असेल तर सप्लायरकडून पॅकिंगचं लेयरवार वजन आजच मागवून घ्या, कोलोरॅडोचा रिपोर्ट आम्ही त्याच शीटवरून जुलैअखेर भरला आणि कॅलिफोर्नियालाही तीच लागते.