ओसेइराच्या वाटेने

स्पेनमधल्या सेआ गावापुढे सांतियागोच्या तीर्थयात्रेच्या वाटेला फाटा फुटतो. एक वाट पिन्योरवरून जाते, दुसरी वळसा घेऊन ओसेइराच्या मठावरून, आणि दोन्ही पुढे कास्त्रो दोसोनला एकत्र येतात. घाईतले लोक पहिली धरतात. मी आणि ताईने दुसरी धरली. कामिनोच्या, म्हणजे सांतियागोला पायी जायच्या या यात्रेच्या, इतक्या वाटा असताना आम्ही ओउरेन्सेहून जाणारी ही वाट निवडली, ती या मठासाठीच.

सेआत शिदोरी घेतली. तिथला पाव ग्रॅनाइटच्या भट्टीत लाकडाच्या जाळावर भाजतात. लांबट, जाड कवचाचा आणि मधोमध आडवी चीर दिलेला. पिशवीत घातला तरी पाठीला ऊब लागत होती. पुढची वाट चढ-उताराची, पावसाने निसरडी झालेली. ओकची झाडं, शेवाळलेले दगडी बांध, खांबांवर उभी असलेली धान्याची कोठारं. माणूस क्वचितच दिसतो.

आणि एका वळणानंतर खाली दरीत मठ दिसतो. केवढा अवाढव्य! या बाजूला त्याला ‘गालिसियाचं एस्कोरियाल’ म्हणतात; गालिसिया हा इथला प्रांत आणि एस्कोरियाल म्हणजे माद्रिदजवळचा राजाचा प्रचंड महाल-मठ. 1137 साली इथे मठ उभा राहिला आणि थोड्याच वर्षांत तो सिस्टर्शियन या ख्रिस्ती साधूंच्या पंथात गेला. या पंथाची सुरुवात 1098 मध्ये फ्रान्समधल्या सितो इथे झाली. संत बेनेडिक्टने मठवासींसाठी घालून दिलेला नियम काटेकोर पाळायचा, गावांपासून दूर राहायचं, स्वतःच्या हातांनी राबून खायचं आणि देवळात डामडौल ठेवायचा नाही, हा त्यांचा आग्रह. नंतरच्या शतकांनी दर्शनी भागावर भरपूर नक्षी चढवली. मला ती नाही आवडली. खरा मठ आतल्या चर्चमध्ये आहे.

मठ दाखवणाऱ्या साधूंच्या मागोमाग आम्ही आत गेलो. 1552 च्या आगीत राहत्या इमारतींची राख झाली, पण हे जुनं चर्च टिकलं. उंच दगडी कमानी आणि वरून येणारा पांढुरका उजेड. वेदीमागून अर्धगोलाकार प्रदक्षिणामार्ग जातो आणि त्याला लागून छोटी छोटी गर्भगृहं आहेत. ताईने कोणी न सांगता बूट काढून हातात घेतले आणि पायमोज्यांवरच त्या गार फरशीवरून सावकाश चालू लागली. साधूंनी ते पाहिलं आणि ती परत येईपर्यंत बोलायचे थांबले. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

1835 साली सरकारने स्पेनमधले मठ बंद करून मालमत्ता जप्त केली, तेव्हा इथल्या साधूंनाही बाहेर पडावं लागलं. जवळजवळ शतकभर हा मठ ओस होता. 1929 मध्ये साधू परतले आणि त्यांनी पडझड झालेलं हळूहळू सावरत आणलं. आज ते निलगिरीच्या पानांचं मद्य करून विकतात. पाहुणा म्हणजे साक्षात ख्रिस्त समजून त्याचं स्वागत करावं, असं बेनेडिक्टच्या नियमात लिहिलंय, आणि इथे ते अजून पाळलं जातं. आमच्या यात्रापत्रावर शिक्का मारला, दगडी दालनातल्या खाटा दाखवल्या. धर्म कोणता, हे कोणीही विचारलं नाही. रात्री मात्र तिथे कडाक्याची थंडी पडते, झोपायची पिशवी जाडच न्या.

संध्याकाळच्या प्रार्थनेला गेलो. साधू दोन ओळींत समोरासमोर उभे होते. एका ओळीने स्तोत्राचं एक कडवं म्हणायचं, समोरच्यांनी पुढचं उचलायचं. ताई आळंदीहून पंढरपूरपर्यंत चाललेली आहे. तिने माझा हात दाबला. “अगं, हे तर आपल्या दिंडीतल्यासारखंच की! दोन रांगा, समोरासमोर.” टाळ नव्हता, मृदंग नव्हता. थकलेले, वयस्क आवाज होते, आणि एका बाजूचा श्वास संपता संपता दुसरी बाजू उचलत होती. भाषेचा एक शब्द कळत नव्हता, तरी मला रडू आवरेना. नऊशे वर्षांपूर्वी याच दरीत ही स्तोत्रं अशीच म्हटली जात असतील. मध्ये खंड पडला, तो पुन्हा आलेल्यांनी भरून काढला.

सकाळी मठामागचा दगडगोट्यांचा चढ चढलो. कास्त्रो दोसोनला पिन्योरवरून आलेले काही यात्रेकरू भेटले. सेआचा उरलेला पाव आम्ही त्यांच्यात वाटला. ताई खुणांनी आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये त्यांना त्या दोन रांगांबद्दल कितीतरी वेळ सांगत होती.