फॉर्मवर मी ‘इंग्रजी’ लिहिलं तेव्हा

ऑगस्ट २०२२ मध्ये आम्ही सांगलीहून न्यू जर्सीला आलो तेव्हा लेक आठ वर्षांची होती. तिची पहिली कोरोनामुळे मोबाइलवर गेलेली, दुसरी कशीबशी वर्गात बसून झालेली, तिसरीचे जेमतेम दोन महिने. सगळं मराठी शाळेत. इंग्रजीत तिला रंग, प्राणी, फळं आणि चार-पाच कविता येत होत्या.

शाळेत नाव घालायला जन्मदाखला, लसीकरणाची नोंद, भाडेकरार आणि विजेचं बिल लागलं. त्या गठ्ठ्यात घरच्या भाषेबद्दलचा एक फॉर्म होता. मूल आधी कोणती भाषा बोलायला लागलं, घरात कोणती भाषा चालते, तुम्ही त्याच्याशी बहुतेक वेळा कशात बोलता, असे प्रश्न. सरकारी शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकांकडून तो भरून घेतात. आमच्या इमारतीतल्या एका ताईंनी मला आधीच बजावलं होतं, “मराठी लिहू नकोस गं. मग पोरांना वेगळं बसवतात, ती मागे पडतात.” त्या वाईट हेतूनं बोलल्या नव्हत्या, त्यांनाही कुणीतरी तसंच सांगितलं असणार. मी सगळीकडे ‘इंग्रजी’ लिहिलं.

त्या एका शब्दामुळे लेकीचे सहा आठवडे गेले. हे लिहिण्याचं कारणही तेच आहे.

फॉर्मवर इंग्रजी म्हटल्यावर शाळेनं भाषेची चाचणी घ्यायचं कारणच उरलं नाही. वर्गशिक्षिकेला वाटलं मुलगी लाजाळू आहे. त्या काही विचारायच्या आणि लेक आपण ‘हो’साठी डोलावतो तशी मान डोलवायची, त्यांना ते ‘नाही’ वाटायचं. मोठ्यांशी बोलताना खाली बघायचं हे तिच्या अंगवळणी पडलेलं. तिथं त्याचा अर्थ लक्ष नाही असा झाला. दुसऱ्या आठवड्यात ती घरी आली तेव्हा अंगात शाळेच्या नर्सनं दिलेली पॅन्ट होती आणि स्वतःची पिशवीत. “आई, मी किती वेळ करंगळी दाखवली गं,” म्हणाली. आपल्याकडे पहिलीतल्या मुलालाही कळणारी ती खूण तिथं कुणालाच कळली नव्हती. ती रात्री झोपली तरी मी तिच्या अंथरुणाशी बसून होते.

ऑक्टोबरच्या मध्यावर वर्गशिक्षिकेनं बोलावलं. तिच्या कानांची तपासणी झालीय का, बोलायला उशिरा लागली होती का, असं त्या फार जपून विचारत होत्या. मग म्हणाल्या, “घरी बोलते का?” मी म्हटलं, दिवसभर बोलते, थांबत नाही. “कोणत्या भाषेत?”

मी खरं सांगितलं. फॉर्मचंही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फॉर्म नव्यानं भरला आणि त्याच आठवड्यात चाचणी झाली. न्यू जर्सीत त्यासाठी विडा (WIDA) या संस्थेची इंग्रजीची चाचणी वापरतात. ऐकणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं अशी चार अंगं, आणि १ ते ६ अशा पातळ्या. लेकीची एकूण पातळी आली १.५. पाठोपाठ शाळेचं पत्र आलं: पातळी काय आहे, कोणती मदत मिळणार, त्यातून बाहेर पडायचा निकष कोणता, आणि नको असेल तर पालक म्हणून तुम्ही नकार देऊ शकता. नियमानं हे पत्र शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत यावं लागतं, आणि मूल नंतर दाखल झालं तर दोन आठवड्यांत. ते पालकाला समजेल अशा भाषेत मिळणं हा आपला हक्क आहे. शाळेतल्या सभेला दुभाषाही मागता येतो, त्याचे पैसे लागत नाहीत. मला इंग्रजी समजत होतं, पण माझ्या सासूबाई कधीमधी शाळेत जायच्या तेव्हा याचा उपयोग झाला. मुलालाच दुभाषा करायची वेळ येऊ देऊ नये.

ताई म्हणाल्या होत्या तसं वेगळं वगैरे कुणी बसवलं नाही. ती तिसरीतच राहिली. रोज एक तास पाच मुलांना शेजारच्या छोट्या खोलीत इंग्रजीसाठी न्यायचे. स्पॅनिश, अरबी, गुजराती बोलणारी मुलं, आणि मराठीची ही एकटी. या तासाच्या शिक्षिकेला लेक पहिल्या दिवशी सवयीनं ‘बाई’ म्हणाली. त्यांनी अर्थ विचारून घेतला आणि ती हाक चालू दिली. म्हणून मीही त्यांना बाईच म्हणते.

इथं माझी दुसरी चूक सांगायला हवी. चाचणीच्या सुमारास शाळेतल्याच एका मदतनीसबाईंनी सल्ला दिला की घरी इंग्रजीच बोला, पटकन येईल. आम्ही ते मनावर घेतलं. नवरा ऑफिसातून आला की इंग्रजी, जेवताना इंग्रजी. तीन आठवड्यांत घर गप्प झालं. जी पोरगी वरणभात कालवता कालवता शाळेतल्या मांजराची गोष्ट अर्धा तास सांगायची, ती “येस”, “नो”, “फिनिश” एवढ्यावर आली. मीसुद्धा तिला फक्त आज्ञा देत होते, कारण माझ्या इंग्रजीत लाड करायचे शब्दच नव्हते. आजीचा व्हिडिओ कॉल आला की तेवढी दहा मिनिटं ती भडाभडा बोलायची. आजीनंच एकदा विचारलं, “बाळा, आवाज असा का गं झालाय तुझा?”

नोव्हेंबरच्या भेटीत मी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. म्हणाल्या, कृपा करून मराठी थांबवू नका. तिला जगातल्या गोष्टी माहीत आहेत, विचार करता येतो, गोष्ट सांगता येते. ते सगळं मराठीत आहे. मी फक्त त्याला इंग्रजी नावं देणार आहे. ते मराठीतलंच आटलं तर मी नाव कशाला देऊ?

मग त्यांनी कामाची वाटणी केली. पुढच्या आठवड्यात वर्गात काय शिकवणार ते त्या शुक्रवारी चिठ्ठीवर लिहून पाठवायच्या. ते मी शनिवार-रविवारी मराठीत बोलायचं, धडा म्हणून नव्हे तर गप्पा म्हणून. पहिली चिठ्ठी आली ती प्राण्यांच्या जीवनचक्राची: बेडूक आणि फुलपाखरू. आम्हाला काही शिकवावं लागलं नाही. तासगावजवळ तिचं आजोळ, पावसाळ्यात अंगणापलीकडच्या डबक्यात बेडूकमासे वळवळताना तिनं शेकड्यांनी पाहिलेले. ओंजळीत घेतलेले, आजीचा ओरडा खाल्लेला. रविवारभर त्याच गप्पा झाल्या. शेपटी आधी जाते की पाय आधी येतात यावर बापलेकींचा वादही झाला.

बुधवारी बाईंनी निरोप पाठवला की तिनं आज सगळ्या वर्गासमोर हात वर केला. बोलली ते त्यांनी जसंच्या तसं लिहून धाडलं होतं: “आय सी. माय आजी हाऊस. रेन. स्मॉल स्मॉल. नो लेग.” अमेरिकेतल्या वर्गात तिनं स्वतःहून बोललेलं हे पहिलं. ‘लहान लहान’ कसं उचलून इंग्रजीत आणलं होतं तिनं! ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे.

तोपर्यंत बाईंनी तिला बोल म्हणून कधीच दटावलं नव्हतं. नवी भाषा ऐकणारं मूल काही आठवडे, काही महिनेसुद्धा गप्प राहतं, पण त्या काळात ते साठवत असतं, असं त्या म्हणायच्या. तोवर ती चित्रावर बोट ठेवून, रेघ ओढून, चित्र काढून उत्तर द्यायची. बाथरूमसाठी बाकावर चिकटवलेलं एक कार्ड होतं, ते उचललं की झालं. नंतर अर्धी वाक्यं आली: ‘मला वाटतं की —, कारण —’. रिकाम्या जागेत एखादाच शब्द तिचा, बाकीचा सांगाडा तयार. तो सांगाडा हळूहळू काढून घेतला. प्रश्न विचारल्यावर बाई मनात दहापर्यंत मोजायच्या. मुलाला ऐकून, मराठीत नेऊन, उत्तर शोधून परत आणायला तेवढा वेळ लागतोच.

तिच्या चुका मला कळायच्या, कारण त्यांच्या मागे मराठी दिसायची. तुटलेल्या खुर्चीला ती ‘शी इज ब्रोकन’ म्हणाली तेव्हा वर्गाला गंमत वाटली. पण खुर्ची ती, फळा तो, पुस्तक ते, हे तिच्या हाडात आहे. ‘द’ आणि ‘अ’ कुठे घालायचं हे तिला कळेना, कारण आपल्याकडे तसलं काही नाहीच. ‘वेट’ म्हणजे ओला आणि ‘व्हेट’ म्हणजे जनावरांचा डॉक्टर, दोन्ही तिच्या तोंडून एकाच ‘व’नं यायचे. मी अशा गोष्टी बाईंना लिहून द्यायचे. त्यांना मराठी येत नव्हती, पण हा कागद त्यांनी फाइलला लावला. ज्यांचं मूल यातून जात असेल त्यांनी हे जरूर करावं. आपल्या भाषेचे तज्ज्ञ शाळेत आपणच असतो.

गणिताचं मला सगळ्यात आश्चर्य वाटलं. पंधराचा पाढा घडाघडा म्हणणारी मुलगी शाब्दिक उदाहरणात बेरीज करून ठेवायची. एकाकडे १२ गोट्या, दुसरीकडे ७, तर ‘हाऊ मेनी मोअर?’ हिचं उत्तर १९. ‘मोअर’ म्हणजे जास्त, जास्त म्हणजे मिळवा. मी म्हटलं, “कितीने जास्त?” लगेच म्हणाली, “पाचने.” त्या ‘ने’मध्ये आपल्याकडे वजाबाकी ऐकूच येते. इंग्रजीत ती ऐकू येत नाही. गणित कच्चं नव्हतं, हे शाळेला पटायला एवढं एक उदाहरण पुरलं.

विडाचीच मोठी परीक्षा दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास असते. चारही अंगांची. तिच्या एकूण गुणांत वाचन आणि लेखन प्रत्येकी ३५ टक्के, ऐकणं आणि बोलणं प्रत्येकी १५ टक्के. तेव्हा न्यू जर्सीत मदतीतून बाहेर पडायला एकूण ४.५ लागायचे. पहिल्या वर्षी २.४ आले, चौथीत ३.७. चौथीच्या निकालानं मी गोंधळले, कारण तोवर ती मैत्रिणींशी अस्सल इथल्यासारखी बोलत होती, फोनवर तर ओळखू येत नसे. बाईंनी समजावलं की खेळताना लागणारी भाषा मुलं वर्ष-दोन वर्षांत उचलतात, पण अभ्यासाची भाषा समवयस्कांच्या बरोबरीनं यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. कॅनडातले संशोधक जिम कमिन्स यांनी हा फरक १९७९ सालापासून मांडला आहे. ‘तुझ्या मते लेखकानं हे का लिहिलं असेल’ या प्रश्नाला मैदानावरचं इंग्रजी पुरत नाही.

त्याच वर्षी ती हट्ट धरून बसली की मला त्या खोलीत जायचं नाही. सगळे बघतात. मी नकाराच्या कागदावर सही करायला निघाले होते. बाई म्हणाल्या, सही केलीत तरी तिला ती परीक्षा दरवर्षी द्यावीच लागेल आणि तिच्याकडे लक्ष देणं शाळेला सुटणार नाही, फक्त हा तास जाईल. त्याऐवजी त्यांनी स्वतःच वर्गात येऊन शिकवायचं ठरवलं. वर्गशिक्षिका आणि बाई दोघी मिळून लेखनाचा तास घ्यायच्या, सगळ्यांचा. कोण मदतीतलं आणि कोण नाही हे मुलांना कळेनासं झालं. हट्ट सुटला.

पालकांच्या एका संध्याकाळी मी विचारलं होतं, शाळा एवढं सगळं का करते? तेव्हा १९७४चा लाउ विरुद्ध निकोल्स खटला कळला. सॅन फ्रान्सिस्कोत इंग्रजी न येणाऱ्या सुमारे १,८०० चिनी वंशाच्या मुलांना कसलीच जास्तीची मदत मिळत नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की तीच पुस्तकं, तेच शिक्षक, तोच अभ्यासक्रम सगळ्यांना दिला म्हणजे समान वागणूक होत नाही. त्या चिनी आईबापांनी कोर्टात जायचं धाडस केलं, आणि त्याचा आधार माझ्या लेकीला मिळाला. मी मात्र फॉर्मवर खोटं लिहून तो आधार जवळजवळ घालवला होता.

पाचवीत, २०२५ साली, ४.६ आले. बाहेर पडल्याचं पत्र आलं. त्यापुढेही दोन वर्षं शाळा लक्ष ठेवते, म्हणून सहावीतही शिक्षकांचे शेरे येतात. शेवटचा शेरा असा: मुद्दे चांगले, ‘द’ अजून गळतो.

आता काळजी दुसऱ्या टोकाची आहे. रविवारी तिला मराठी शाळेत नेते, तिथं ती वाचते झकास, पण लिहिताना जोडाक्षरं अडतात. गेल्या महिन्यात आजीला पत्र लिहिलं त्यात ‘डबक्यात’चं ‘डबकयात’ झालं होतं. आजीनं ते पत्र देवघराशेजारी लावलंय आणि उत्तरात तोच शब्द मोठ्या अक्षरात, नीट जोडून, तीनदा लिहून पाठवलाय.