आमची वाटचाल : गाडी उंच करण्यापासून थरथर शोधण्यापर्यंत

आमचे वर्कशॉप सुरू झाले तेव्हा आम्ही फक्त गाड्या उंच करून देत होतो. दगडधोंड्यांतून आणि चिखलातून जाणाऱ्या फोर-बाय-फोर गाड्यांना उंच कमानपाटे (लीफ स्प्रिंग) किंवा स्प्रिंग, त्यांना साजेसे शॉक अब्सॉर्बर आणि मोठे टायर बसवायचे, अलाइनमेंट करून द्यायची आणि पुढची गाडी आत घ्यायची, असा क्रम होता. काम नेटके होते आणि प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने कसलेला असे. तरीही त्यातल्या काही गाड्या थोड्याच दिवसांत एकच तक्रार घेऊन परत येऊ लागल्या : ठरावीक वेगाला पायाखालचा पत्रा थरथरतो, आरशातले चित्र धूसर होते आणि मागून एक घुमणारा आवाज येत राहतो. आज आमच्याकडे येणारे बहुतेक काम याच तक्रारीचे असते आणि त्यातल्या कित्येक गाड्या आम्ही उंच केलेल्या नसतात. लिफ्ट किट बसवणारे वर्कशॉप थरथर शोधणारे वर्कशॉप कसे झाले, ते येथे लिहीत आहे.

पहिल्यांदा परत आलेल्या गाडीला मागे कमानपाटे होते आणि आम्ही ती ३ इंच उंच केली होती. खाली जाऊन पाहिले, तर ट्रान्सफर केसमधून (गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या व मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी) निघून मागच्या ॲक्सलकडे उतरणारा प्रोपेलर शाफ्ट (ताकद पोहोचवणारी फिरती नळी) पूर्वीपेक्षा बराच तिरका झाला होता आणि पिनियनजवळचा (ॲक्सलमध्ये शाफ्टकडून फेरे घेणारे लहान दातेरी चाक) जॉइंट वाकून फिरत होता. डोळ्यांना जे वाकडे दिसले ते आम्ही सरळ केले. कमानपाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर घालून पिनियनचे तोंड वर, शाफ्टच्या दिशेने वळवले. शाफ्ट आणि पिनियन जवळजवळ एका रेषेत आले आणि मला व माझ्या भागीदाराला काम झाल्याचे समाधान वाटले. चाचणीला निघालो तेव्हा थरथर आधीपेक्षा वाढलेली होती. त्यानंतर आम्ही जॉइंटचे दोन्ही क्रॉस (मधले अधिक-चिन्हासारखे तुकडे) बदलले, शाफ्ट बॅलन्स करून आणला, टायर पुन्हा बॅलन्स केले आणि प्रत्येक वेळी, आता बरी होईल, असे सांगून गाडी दिली. ग्राहक तीन वेळा परत आला. त्याच्या संयमाचे ऋण मी आजही मानतो, कारण त्या तीन फेऱ्यांत एकदाही आम्ही कोन मोजला नव्हता.

साधा युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा वाकून फिरणारा सांधा, कोनात फिरू लागला की त्याच्या एका बाजूचा वेग स्थिर असला तरी दुसऱ्या बाजूचा स्थिर राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. ३ अंशांच्या कोनात हा चढउतार नगण्य असतो, परंतु ११ अंशांना तो दोन्ही बाजूंना जवळजवळ २ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणूनच शाफ्टच्या दोन टोकांना दोन जॉइंट असतात आणि दोघांचे कोन सारखे व योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एकाच फेजमध्ये, म्हणजे एकमेकांच्या रेषेत, असतील, तर पहिल्या जॉइंटने केलेला चढउतार दुसरा जॉइंट पुसून टाकतो. त्यासाठी ट्रान्सफर केसमधून निघणारी रेषा आणि पिनियनची रेषा एकमेकींना समांतर असावी लागते. आम्ही पाचर घालून नेमकी ही समांतरता मोडली होती : वरचा जॉइंट ११ अंशांवर तसाच राहिला, खालचा ३ अंशांवर आला आणि वरच्याने केलेला चढउतार पुसायला कोणी उरले नाही.

पाचर काढल्यावर गाडी सुधारली, पण पूर्ण शांत झाली नाही, आणि या उरलेल्या थरथरीने आम्हांला अधिक शिकवले. दोन्ही कोन सारखे असले तरी शाफ्टची मधली नळी चढउतारासहच फिरत असते. कोन मोठा झाला की त्या नळीचे वजनच गाडीला हादरे देते. महामार्गावरच्या वेगासाठी जॉइंटचा कोन ३ अंशांच्या आत आणि दोन जॉइंटच्या कोनांतला फरक १ अंशाच्या आत असावा, हा या क्षेत्रातला रूढ दंडक आहे. उंच केलेल्या गाडीत तो पाळणे अनेकदा शक्य नसते. शेवटी त्या गाडीला आम्ही ट्रान्सफर केसच्या बाजूला दुहेरी जॉइंट (एकापुढे एक जोडलेले दोन जॉइंट) असलेला शाफ्ट बसवला. दुहेरी जॉइंट आपला चढउतार आपल्यातच मिटवतो, त्यामुळे खालच्या जॉइंटला पुसण्यासारखे काही उरत नाही आणि पिनियनचे तोंड सरळ शाफ्टकडे असावे लागते. म्हणजे जी पाचर पहिल्या शाफ्टला घातक ठरली, तीच या शाफ्टला आवश्यक होती. पिनियन शाफ्टच्या रेषेपेक्षा १ ते २ अंश खाली ठेवले, कारण ॲक्सिलरेटर दाबल्यावर कमानपाट्यांना पीळ बसून पिनियन वर उचलले जाते. गाडी शांत झाली.

त्यानंतर आम्ही डिजिटल कोनमापक घेतले आणि लगेच दुसरी चूक केली. दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी चढवून, ॲक्सल लोंबकळत असताना, आम्ही कोन वहीत उतरवत होतो. आकडे नेमके होते, पण ते रस्त्यावरच्या गाडीचे नव्हते. चाकांवर वजन नसले की ॲक्सल खाली जातो आणि शाफ्टचे सगळे कोन वाढतात. आता मोजणी होते ती चाके जमिनीवर किंवा ॲक्सलखाली आधार असताना, आणि गाडीचा मालक नेहमी जितके सामान व इंधन घेऊन फिरतो तितके गाडीत ठेवून. बाजूने कोन मोजल्यावर वरूनही पाहावे लागते, कारण पिनियन आणि ट्रान्सफर केस एका सरळ रेषेत नसले तर आडवा कोन उभ्या कोनात मिसळतो.

कोन मोजण्याच्याही आधी आता एक पायरी असते आणि माझ्या मते आमच्या कामातली हीच सर्वांत मोलाची आहे. थरथर सेकंदाला किती वेळा होते, हे आधी ठरवायचे. ३३ इंची टायर जमिनीवर दबल्यावर एका फेऱ्यात सुमारे २.५५ मीटर पुढे जातो. ताशी ८० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला ९ पेक्षा थोडे कमी फेरे घेते आणि ॲक्सलचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) ४.१ असेल तर शाफ्ट सुमारे ३६ फेरे घेतो. चाक किंवा टायर दोषी असेल तर थरथर सेकंदाला ९ च्या आसपास किंवा त्याच्या पटीत येते. शाफ्टचे बॅलन्सिंग बिघडले असेल तर ३६ च्या आसपास. आणि जॉइंटच्या कोनाचा दोष असेल तर प्रत्येक फेऱ्यात दोन झटके म्हणून ७१ च्या आसपास. मोबाइलमधला कंप मोजणारा सेन्सर हा आकडा पुरेशा अचूकपणे दाखवतो. मोबाइल मात्र सीटच्या लोखंडी पायाला घट्ट बांधलेला हवा, हातात धरलेला नको. हा एक आकडा हाती नसताना बदललेला प्रत्येक भाग हा अंदाज असतो आणि त्याची किंमत ग्राहक मोजतो.

आकडा मिळाल्यावर थरथर कोणत्या स्थितीत येते हे पाहतो. जागेवर उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे वाढवून ती आली, तर दोष शाफ्टकडे शोधण्यात अर्थ नाही. वेगात असताना गिअर न्यूट्रल करूनही ती तशीच राहिली, तर ती वेगाशी बांधलेली आहे आणि बॅलन्सिंग किंवा टायर यांकडे वळावे लागते. ॲक्सिलरेटर दाबल्यावरच वाढली, तर कोन किंवा जॉइंट. ॲक्सिलरेटर सोडल्यावर गुरगुरली, तर पिनियन बेअरिंग. गाडी जागेवरून उचलताना एक-दोन सेकंद हादरे बसत असतील, तर कमानपाट्यांचा पीळ बहुधा कारण असतो. पार्ट-टाइम (गरजेपुरतीच चारही चाके चालवणाऱ्या) फोर-बाय-फोर गाडीत मागचा शाफ्ट काढून, फोर-हायमध्ये (चारही चाकांच्या वेगवान स्थितीत) पुढच्या चाकांवर सपाट रस्त्याने चालवून पाहण्याची चाचणी सर्वांत निर्णायक आहे. मात्र ज्या गाडीत स्लिप योक (शाफ्टचे आत-बाहेर सरकणारे टोक) थेट ट्रान्सफर केसमध्ये जातो तिच्यात शाफ्ट काढला की तेल बाहेर येते, म्हणून तेथे ती करत नाही. आणि ज्या गाड्यांचा हँडब्रेक ट्रान्सफर केसमागच्या ड्रमवर असतो त्यांच्या चाकांना शाफ्ट उतरवण्याआधी ठोकळे लावतो. पुढच्या शाफ्टसाठी सोपी युक्ती आहे : लॉकिंग हब (पुढचे चाक ॲक्सलला जोडणारे किंवा सोडणारे) असलेली गाडी टू-व्हील ड्राइव्हमध्ये ठेवून एकदा हब मोकळे आणि एकदा लॉक करून चालवायची. हब लॉक केल्यावर शाफ्ट फिरू लागतो आणि दोष त्याच्यात असेल तर त्याच क्षणी जाणवतो.

जॉइंट हाताने हलवून त्यात खेळ नाही म्हणून तो चांगला, असे मी पूर्वी समजत असे. एकदा अशाच घट्ट वाटणाऱ्या जॉइंटचे सर्क्लिप काढून कप (क्रॉसच्या टोकावरची बेअरिंगची टोपी) उतरवला, तेव्हा ग्रीसच्या जागी विटेच्या रंगाची कोरडी भुकटी सांडली. क्रॉसच्या चकचकीत असायला हव्या त्या टोकावर निडल बेअरिंगच्या सुयांएवढ्या रुंद, एकसारख्या अंतरावर खाचा उमटल्या होत्या, आणि नख फिरवले की ते प्रत्येक खाचेत अडकत होते. तो जॉइंट घट्ट नव्हता, अडकत होता. तेव्हापासून आम्ही शाफ्ट उतरवून प्रत्येक जॉइंट दोन्ही दिशांना सावकाश वाकवून पाहतो. वाकताना मध्येच टप्पा लागला तर तो बाद. कपाच्या कडेला तांबूस भुकटी दिसली तर उघडण्याचीही गरज नसते.

काही दोष पाहताक्षणी सापडतात. रिमच्या आत वाळलेला चिखल, शाफ्टवरचा दगडाचा ठोका, निखळलेले बॅलन्सिंगचे वजन, गाडी उंच केल्यामुळे स्लिप जॉइंटच्या (सरकत्या जोडाच्या) स्प्लाइन (लांब दाते) अर्ध्या बाहेर ओढल्या जाऊन डगमगणे, किंवा आधी कोणीतरी शाफ्ट उघडून एका दात्याने चुकीचा जोडल्यामुळे बिघडलेली फेज. या शेवटच्या कारणासाठी आम्ही शाफ्ट उघडण्याआधी दोन्ही भागांवरून रंगाची एक रेघ ओढतो. काही गाड्यांचे शाफ्ट कारखान्यातूनच वेगळ्या फेजमध्ये येतात. ते डोळ्यांनी सरळ करायला जाणे म्हणजे नवा दोष निर्माण करणे होय.

पुढच्या एकसंध ॲक्सलचा प्रश्न मला अजूनही अवघड वाटतो. तेथे पिनियन वर वळवले की त्याच ॲक्सलवरचा कॅस्टर (स्टीअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि गाडी सरळ रेषेत धरून ठेवावी लागते. कॅस्टर राखला तर शाफ्टचा कोन वाईट राहतो. दोन्ही एका वेळी हवे असतील तर ॲक्सलच्या टोकांचे नकल (चाक जेथे वळते तो भाग) कापून, फिरवून पुन्हा वेल्ड करावे लागतात आणि ते काम आम्ही अजून हाती घेतलेले नाही. तोवर आम्ही स्टीअरिंगच्या बाजूने कौल देतो आणि पुढच्या शाफ्टला दुहेरी जॉइंट सुचवतो. गाडी उंच करायला येणाऱ्या प्रत्येकाच्या गाडीचे कोन आता काम सुरू होण्याआधीच मोजले जातात आणि हव्या त्या उंचीला शाफ्ट कुठे जाईल हे कागदावर काढून दाखवले जाते. तो कागद पाहून काही जण ४ इंचांवरून २ इंचांवर येतात, काही जण शाफ्टचे काम त्याच वेळी करून घेतात आणि काही जण दुसरीकडे जातात.